छत गळत नाहीये, गाडीला घाम फुटलाय

रबाळे एमआयडीसीत माझा लहानसा गाळा आहे. ईको, ओम्नी, विंगर, ट्रॅव्हलर अशा गाड्यांत झोपायची सोय करून देतो. फळ्या, गादी, आतलं अस्तर, दोन दिवे, एक पंखा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी सातच्या आत फोन वाजला की न उचलताच कळतं, कुणीतरी भंडारदऱ्याला नाहीतर माळशेजला गाडीत झोपून उठलंय आणि आता म्हणणार, "दादा, तुम्ही केलेलं छत गळतंय."

सुरुवातीला मी घाबरायचो. एका ओम्नीचं छताचं अख्खं अस्तर उतरवलं, कॅरियरच्या नटांभोवती सिलिकॉन भरलं, अस्तर परत चढवलं आणि पैसेही घेतले नाहीत. पुढच्या रविवारनंतर गाडी पुन्हा दारात. तेच थेंब, त्याच जागी. शेवटी मालकाला म्हटलं, गाडी दोन दिवस माझ्याकडे राहू द्या. पहिल्या रात्री ती गाळ्याबाहेर रिकामी उभी केली आणि छतावर अर्धा तास पाइपने पाणी सोडलं. सकाळी आत खडखडीत कोरडं. दुसऱ्या रात्री मी आणि माझा भाचा तीच गाडी घेऊन भंडारदऱ्याला गेलो, काचा गच्च लावून झोपलो. पहाटे पाचच्या सुमारास माझ्या नाकावर थेंब पडला. बाहेर चांदणं, ढगाचा पत्ता नाही, आणि आत टपटप. सकाळी काचा आणि छत पुसून पंचा एका पातेल्यात पिळला तर दोन कप चहाचं आधण होईल एवढं पाणी निघालं. ते सगळं आमच्या दोघांच्या नाकातोंडातून आलेलं.

तेव्हापासून छत उघडायच्या आधी मी खालच्या क्रमाने जातो. पहिल्या पाच गोष्टींना खर्च जवळजवळ नाही आणि बहुतेक गाड्या तिथेच सुटतात.

आधी लक्षणं बघा

घामाची गाडी अशी दिसते:

- काचा आतून धूसर. बोट फिरवलं की पाण्याची धार ओघळते.
- छताला थेंब, पण सगळीकडे नाहीत. आतल्या पत्र्याच्या पट्ट्या आणि स्क्रू जिथे आहेत, तिथे रांगेने.
- गादी वरून कोरडी. उचलली की खालची फळी ओली आणि गार.
- ब्लँकेटचा जो भाग मागच्या दाराला लागतो तेवढाच दमट.
- चार-पाच ट्रिपांनंतर कुबट वास, फळीच्या कडेला काळे ठिपके.

याउलट ओल एकाच कोपऱ्यात असेल, फक्त पाऊस पडून गेल्यावर दिसत असेल, किंवा एसी चालवल्यावर डाव्या बाजूचं पायाखालचं मॅट भिजत असेल, तर तो घाम नाही. काचेवर आतून तेलकट, चिकट थर आणि गोडसर वास असेल तर तो तिसराच प्रकार. या सगळ्यांचं शेवटी सांगतो.

पाणी एवढं येतं कुठून

झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी बाहेर टाकतो. दोन माणसं, आठ तास, म्हणजे सहाशे ग्रॅमच्या वर. आता हवेची झेप बघा. १५ अंशांना एक घनमीटर हवा जेमतेम १३ ग्रॅम वाफ धरू शकते. ईकोएवढ्या गाडीच्या पोटात पाच-सहा घनमीटर हवा मावते, म्हणजे सगळी मिळून सत्तरेक ग्रॅम. संध्याकाळीच ती हवा निम्म्याहून जास्त भरलेली असते. तुम्ही दोघं दार ओढून घेता आणि अर्ध्या तासाच्या आत हवा तुडुंब. त्यानंतरचा प्रत्येक श्वास गार काचेवर, गार पत्र्यावर जाऊन बसणार. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून पाणी सुटतं, तसंच. इथे बाटलीच्या आत तुम्ही झोपलाय एवढाच फरक.

म्हणून दोनच उपाय उरतात: वाफ बाहेर घालवा, नाहीतर पत्रा गार पडू देऊ नका. पहिला स्वस्त आहे. लोक आधी दुसऱ्याच्या मागे लागतात, कारण व्हिडिओत तो छान दिसतो.

१. बोट, फॉइलचा तुकडा आणि एक रिकामी रात्र

सकाळी डोळे उघडल्या उघडल्या काचेवर आतून बोट फिरवा. रेघ उमटली तर घाम आतला. उमटली नाही तर काच बाहेरून धूसर आहे.

छताला जिथे ओल दिसते तिथे रात्री स्वयंपाकघरातल्या फॉइलचा तळहाताएवढा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून चिकटवा. सकाळी तुमच्या बाजूने ओला असेल तर घाम. अस्तराच्या बाजूने ओला असेल तर पाणी वरून येतंय, किंवा अस्तरामागच्या पत्र्याला घाम येऊन ते झिरपतंय. या दोघांतला फरक रिकामी रात्र सांगते: आत कुणीही न झोपता गाडी बंद करून उभी करा. सकाळी कोरडी असेल तर छताला हात लावू नका. ही एक रात्र मी चुकवली म्हणून त्या ओम्नीचं अस्तर दोनदा शिवावं लागलं.

२. ओलं काहीही आत नको

माळशेजच्या धबधब्याखाली भिजून आलेली चार माणसं, चार टॉवेल, दोन छत्र्या, जीन्स, आणि हे सगळं मागच्या सीटवर वाळत घातलेलं. मग सकाळी विचारायचं, काचा का भिजल्या? एक ओला टॉवेल एका माणसाच्या रात्रभराच्या श्वासाएवढं पाणी सहज बाळगतो. ओले कपडे झाकणाच्या बादलीत किंवा घट्ट बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरा, नाहीतर गाडीखाली ठेवा. बुटांना तर आत थाराच देऊ नका.

३. आत गॅस पेटवू नका

एक किलो एलपीजी जळला की त्यातून दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. पातेल्यातल्या पाण्याची वाफ त्यात धरलेलीच नाही. म्हणजे ऊब यावी म्हणून शेगडी लावणारा माणूस खरं तर गाडीत पाणी भरत असतो. चहा बाहेर करा. पाऊस असेल तर मागचं दार वर उचलून त्याच्या आडोशाला करा.

आणि पाण्यापेक्षा मोठं कारण कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागं होऊ देत नाही. बंद गाडीत शेगडी, कोळशाची सिगडी, निखाऱ्याची घमेली, काहीही ठेवून झोपायचं नाही. एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपणंही त्यातच आलं. भिंतीला लागून किंवा बेसमेंटमध्ये उभ्या गाडीत तर मुळीच नाही. यात मी गिऱ्हाइकाचंही ऐकून घेत नाही.

४. दोन काचा, दोन बोटं

सगळ्यात जास्त गाड्या इथे सुटतात आणि सगळ्यात जास्त वादही इथेच होतात. "दादा, थंडी वाजते हो." वाजते, मान्य. पण गार कोरड्या हवेत जाड ब्लँकेटमध्ये झोप लागते. ओल्या ब्लँकेटमध्ये तीन वाजता उठून बसावं लागतं.

एकच काच खूप उघडून उपयोग होत नाही. हवेला शिरायला एक वाट लागते आणि निघायला दुसरी. पुढची डावी काच दोन बोटं, मागची उजवी दोन बोटं, तिरक्या रेषेत. एक वाट खाली आणि दुसरी वर मिळाली तर आणखी उत्तम, कारण गरम दमट हवा वर चढते. पावसात पाणी आत येऊ नये म्हणून काचेच्या वर लावायचे प्लॅस्टिकचे व्हायझर ॲक्सेसरीजच्या कुठल्याही दुकानात मिळतात. डासांसाठी जाळी कापून काचेच्या चौकटीत चुंबकाने किंवा वेल्क्रोने बसवा. येऊरच्या पायथ्याशी किंवा खाडीकाठी जाळीशिवाय काच उघडून झोपलात तर सकाळी घामाची तक्रार राहणार नाही, दुसरीच असेल.

रात्री नीट निरखायचं असेल तर तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र घ्या. काही शे रुपयांना येतं. ते गादीजवळ ठेवा. आर्द्रतेचा आकडा ८० टक्क्यांच्या वर चढायला लागला की काच आणखी एक बोट खाली. दोन-तीन रात्रींत तुमच्या गाडीचा अंदाज येतो आणि ते यंत्र खणात जातं.

५. पंखा

हवा पडलेल्या रात्री काच उघडी असूनही वाफ हलत नाही. तेव्हा कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा, १२० मिलिमीटरचा पंखा पुरतो. पाव-अर्धा ॲम्पिअर खातो, म्हणजे रात्रभरात दोन ते चार ॲम्पिअर-अवर. त्याचं तोंड बाहेरच्या दिशेला ठेवा, हवा बाहेर फेकू द्या. आत तोंड करून लावलेला पंखा तुम्हाला गार करतो आणि वाफ तिथल्या तिथे फिरवत बसतो. मी जाड कार्डबोर्डच्या पट्टीत पंखा बसवून काचेच्या फटीत खोचून बघायला सांगतो. दोन रात्री फरक पडला, तर पुढे पक्कं काम करू. आधीच छत कापायचं नाही.

तार बॅटरीवरून घेताना बॅटरीच्या टोकाजवळ फ्यूज हवाच. बिनाफ्यूजची तार पत्र्याला घासून जळालेली गाडी माझ्याकडे आलेली आहे. नुसत्या वासाने पोटात गोळा आला होता.

६. गादीखालचा घाम

अंगाची ऊब आणि वाफ फोममधून खाली जाते, फळी गार असते, तिथे पाणी होतं. वरून कधीच कळत नाही. घणसोलीच्या एका जोडप्याची ईको आली होती, सहा महिन्यांत गादीखालच्या प्लायवर माणसाच्या आकाराचा काळा डाग. पाठ, खांदे, कंबर, सगळं ओळखू येत होतं. ताई म्हणाल्या, "हा माझा नाही, यांचा."

फळीला भोकं पाडा. अख्ख्या प्लायऐवजी पट्ट्यांचा पलंग केला तर त्याहून चांगलं. पट्ट्यांमध्ये दोन-तीन बोटं जागा ठेवा. ते जमत नसेल तर गादीखाली काथ्याची जाड चटई टाका. तिच्या धाग्यांमधून हवा खेळते. आणि सकाळी चहाच्या आधी गादी उभी करून ठेवा. बुरशीचे ठिपके वरवरचे असतील तर तोंडाला मास्क लावून पांढऱ्या व्हिनेगरने पुसा, तासभर ठेवा, परत पुसा, उन्हात वाळवा. प्लायचे पदर सुटले असतील तर फळी टाका. तिच्यात जीव राहिलेला नसतो.

न चालणाऱ्या गोष्टी

मिठाची वाटी, कोळशाची पुरचुंडी, सिलिका जेलच्या पिशव्या. एक किलो सिलिका जेल फार तर ३०० ग्रॅम पाणी धरेल, तेही तासन् तास घेऊन. तुम्ही दोघं रात्रीत त्याच्या दुप्पट सोडता. गाडी आठवडाभर बंद उभी असेल तेव्हा ते बरं. पाणी जमा होणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे मी गाडीत ठेवू देत नाही. घाटात कलंडले की ते खारं पाणी पत्रा खातं. हवेतलं पाणी काढणारी छोटी थर्मोइलेक्ट्रिक यंत्रं थंडीत जवळजवळ काहीच काढत नाहीत.

काचांना लावायचे चंदेरी पडदे उपयोगी आहेत, पण अर्धवट समजून घेऊन लावले जातात. पडदा लावला की काचेला आतली ऊब मिळत नाही, ती अजून गार पडते, आणि कडेने शिरलेली वाफ पडद्यामागे पाणी होते. म्हणजे काच कोरडी दिसते आणि रबराच्या खाचेत पाणी साठतं. पडदा लावा, पण सकाळी काढून काच वायपरने ओढा, फडकं बाहेर पिळा आणि बाहेरच वाळत घाला. पुसलेलं फडकं डॅशबोर्डवर वाळत ठेवलं तर तेच पाणी दुपारी परत हवेत.

पावसाळा आणि मे महिना वेगळे

वरचं सगळं घाटातल्या थंडीसाठी चोख बसतं. तिथे बाहेरची हवा गार असते, तिच्यात वाफ कमी, म्हणून ती आत घेतली की काम होतं. जुलैत बाहेरचीच हवा २५ अंशांना जवळजवळ भरलेली असते. काच उघडून तुम्ही दमट हवेच्या बदल्यात दमट हवा घेता. तरीही बंद करू नका, कारण आतली बाहेरच्यापेक्षा वाईटच होणार. पण अपेक्षा कमी ठेवा: थेंब गळणार नाहीत, चादर मात्र चिकट लागेल. खरोखर कोरडं हवं असेल तर वीज मिळेल अशा ठिकाणी मुक्काम करा आणि कॉम्प्रेसरचं डीह्युमिडिफायर (हवेतलं पाणी काढणारं यंत्र) किंवा छोटा एसी लावा. उरलेल्यांनी पंखा लावून झोपावं. मी तेच करतो.

मे महिन्यात उलटा प्रकार. खारघर, सानपाड्याकडून फोन येतात की काच कितीही पुसली तरी धूसरच. बोट फिरवलं का, विचारलं तर नाही. एसीने काच आतून गार झालेली असते आणि खाडीवरची दमट हवा तिच्यावर बाहेरून बसते. याला उपाय लागत नाही. एसीचा झोत काचेवरून हटवा, तापमान दोन अंश वाढवा, वायपर मारा.

गाडी चालवताना आतून धुकं धरत असेल तर आधी रीसर्क्युलेशनचं, म्हणजे आतलीच हवा फिरवत ठेवणारं, बटण बघा. ते कायम चालू ठेवायची आपल्याकडे सवय आहे, आणि मग तीच हवा, तीच वाफ.

७. पत्र्याचं अस्तर

इथून पुढे पैसे लागतात. काचा उघड्या, पंखा चालू, ओलं काही नाही, तरीही छताच्या पट्ट्यांवर थेंबांची रांग असेल, तर पत्रा झाकायची वेळ आली. नायट्राइल रबर किंवा क्रॉसलिंक फोमची चिकट पाठीची शीट घ्या, १० मिलिमीटरची. तिच्यातून हवा जात नाही, हाच मुद्दा. थर्माकोलचे तुकडे किंवा ग्लासवूल भरलं तर वाफ त्यांच्या फटींतून पत्र्यापर्यंत जाते, तिथे पाणी होते आणि आतल्या आत गंज धरतो. बाहेरून दोन वर्षं काहीच दिसत नाही.

पत्रा थिनरने पुसा, शीट रोलरने दाबून लावा, खाली हवेचा फुगा ठेवू नका. आणि पट्ट्या विसरू नका. सगळे मधले चौकोन झाकून पट्ट्या उघड्या सोडलेल्या गाड्या मी नेहमी बघतो. मग सगळा घाम त्या चार पट्ट्यांवर येतो आणि मालक म्हणतो, इन्सुलेशन केल्यावर जास्त गळायला लागलं! पट्टीवर ५ मिलिमीटरची शीट गुंडाळा, आणि अस्तराचा स्क्रू थेट पत्र्यात न मारता मध्ये लाकडाची पट्टी घ्या. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघायची भोकं असतात, ती शीटने बुजवू नका.

८. खरंच गळत असेल तर

रिकाम्या रात्रीतही ओल आली तरच इथे या. आधी बोनेट उघडून काचेखालची जाळी बघा. घोडबंदर रोडला झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत तिथे पानांचा लगदा असतो, पाण्याची वाट बंद होते आणि ते डॅशबोर्डखालून आत येतं. लगदा हाताने काढा. मग एक जण आत टॉर्च घेऊन बसा, दुसऱ्याने पाइपने पाणी सोडा. खालून सुरुवात करा: दाराची बीडिंग, मग काचेची रबरं, शेवटी छत आणि कॅरियरचे नट. प्रत्येक जागी दहा मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही.

एसीनंतर मॅटवर स्वच्छ पाणी असेल तर एसीची निचऱ्याची नळी तुंबलीय. गाडीखाली तिचं तोंड सापडलं तर मऊ नळीने हलकेच फुंकर मारून बघा. तार घालून खुपसू नका.

इथे थांबा

काचेवर तेलकट थर आणि गोडसर वास असेल, कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) कमी होत असेल, तर हीटरचा कोअर, म्हणजे डॅशबोर्डमागची कूलंटची जाळी, गळतोय. गाडी गॅरेजला द्या, तीत झोपू नका.

खांबांवर किंवा छताच्या कडेला एअरबॅग अशी खूण असेल तर तिथलं अस्तर स्वतः ओढू नका. वायरिंगच्या जोडांवर पाणी दिसलं, फ्यूज पुन्हा पुन्हा उडाला, तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा. पत्र्यावरचा गंज नखाने दाबल्यावर आत जात असेल तर सिलिकॉन लावून झाकू नका, डेंटरचं काम आहे. आणि गाडीत झोपून उठल्यावर डोकं जड, मळमळ, चक्कर असेल तर घाम-बिम विसरा: दारं उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, दवाखान्यात जा, गाडी नंतर बघू.

छतात पंख्यासाठी भोक पाडायचं किंवा सीट कायमच्या काढायच्या असतील तर आधी आरटीओत विचारा. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल परस्पर करता येत नाही, आणि विम्याचा दावाही त्यावर अडू शकतो. कागद दाखवल्याशिवाय मी छताला ग्राइंडर लावत नाही. त्या ओम्नीच्या मालकालाही तेच सांगितलं. ते अजून कार्डबोर्डच्या पट्टीतला पंखाच वापरतात, तिसरा हिवाळा चालू आहे, पट्टी तेवढी दोनदा बदलली.